हिरवी वायर कुठे जाते?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला आहे. एकदा पावसाची झड लागली की घरोघरी ओल येते, फरशी घामेजते, आणि वर्षभर गप्प बसलेले विजेचे दोष बाहेर पडतात. म्हणून हे पत्र शक्य झाल्यास पावसाच्या आत छापावे, ही विनंती. थोडे लांबले आहे, पण माझ्या लेकीच्या घरात जे सापडले ते आणखी किती घरांत असेल या विचाराने मला झोप लागत नाही.

मी १९७९ साली सोळाव्या वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. पुढे स्वतःचे मोटर वायंडिंगचे दुकान टाकले. शिरोळ, हातकणंगले, करवीर भागातल्या शेतकऱ्यांच्या पाच-साडेसात एचपीच्या मोटारी भरण्यात माझी चाळीस वर्षे गेली. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तर गाळाने भरलेल्या मोटारींची रांग दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत लागली होती. तांब्याची तार, कॉइल, करंट हेच माझे शिक्षण. त्यापलीकडची डिग्री माझ्याकडे नाही.

लेकीने यंदा पाडव्याला नव्या फ्लॅटमध्ये घर मांडले. चार मजली इमारत, आठ घरे, सगळे चकचकीत. आठवड्याभरात तिचा फोन आला. "बाबा, वॉशिंग मशीन बारीक करंट मारतंय. हात ओला असला की मुंग्या येत्यात. वायरमन म्हणाला, नवीन मशीनला असं हुतंच, पायात स्लिपर घालून काम करा."

मी म्हणालो, "मशीनची पिन काढून ठेव, आणि मी येईपर्यंत कुणी हात लावू नका."

संध्याकाळी मीटर घेऊन गेलो. माझी नात नुकतीच नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, ती टॉर्च धरून माझ्याबरोबर. सॉकेट उघडले तर आतले काम बघण्यासारखे होते. लाल वायर (वीज आणणारी) फेजला, काळी (परत नेणारी) न्यूट्रलला, हिरवी (अर्थिंगची, म्हणजे जमिनीकडे जाणारी) वरच्या मोठ्या भोकाला, स्क्रू घट्ट. फेज आणि न्यूट्रलमध्ये मीटरने २३२ व्होल्ट दाखवले. अर्थिंग खरे असेल तर फेज आणि हिरव्या वायरीतही जवळजवळ तेवढेच दिसायला हवे, आणि न्यूट्रल आणि हिरव्यात दोन-चार व्होल्ट. इथे न्यूट्रल आणि हिरव्यात ९२ व्होल्ट होते. वर तो आकडा स्थिर नव्हता. शेजारच्या घरात कुणी काही चालू केले की तो हलायचा. मला तिथेच घाम फुटला.

खाली मीटर रूममध्ये गेलो. आठही घरांच्या हिरव्या वायरी एका तांब्याच्या पट्टीवर ओळीने आवळल्या होत्या. त्या पट्टीपासून जस्ताचा मुलामा दिलेली एक लोखंडी पट्टी भिंतीवरून खाली गेली होती आणि फरशीत शिरली होती. बघणाऱ्याला वाटावे, खाली अर्थिंगचा खड्डा आहे. वायरींचा जुडगा त्या पट्टीवरून सोडवून ठेवला आणि जमिनीकडे जाणारी लोखंडी पट्टी एकटी तपासली. माझ्या सिरीज बोर्डावर जुना शंभर वॅटचा तारेचा बल्ब आहे, तो मी जपून ठेवलाय, कारण एलईडी चिमूटभर करंटवरही उजळतो आणि फसवतो. एक टोक फेजला, दुसरे पट्टीला. बल्ब काळाच. तार साधी लालसुद्धा झाली नाही. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या परवानगीने फरशीचा तुकडा काढला. पट्टी फरशीच्या खाली चार बोटांवर संपलेली. खड्डा नाही, पाईप नाही, कोळसा-मीठ नाही. खाली कोरडा मुरूम.

(हा बल्बचा प्रयोग कृपा करून कुणी घरी करू नये. अर्थिंग तुटलेले असेल तर बल्बातून फेज थेट सगळ्या घरांतल्या उपकरणांच्या पत्र्यांवर जातो. म्हणूनच मी आधी जुडगा सोडवला. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे.)

बांधणाऱ्यांच्या माणसाला बोलावले. तो म्हणाला, "काका, सगळीकडं असंच असतंय. एमसीबी बसवल्यात की चांगल्या कंपनीच्या. काय झालं तर त्या पडतील." (एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका.) तो माणूस खोटे बोलत नव्हता, त्याला खरेच तसे वाटत होते. आणि निम्म्या कोल्हापूरला तसेच वाटते. म्हणून पुढचे मुळापासून लिहितो.

आमच्या भागात गुऱ्हाळाचा पट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना सर्किट समजायला वेळ लागणार नाही. इंजिनाच्या चाकावरून पट्टा घाण्याच्या चाकावर जातो आणि तिथून फिरून इंजिनाकडे येतो. घाणा ऊस पिळतो, पण पट्ट्यातला एक तसूही खर्च होत नाही. जेवढा पट्टा गेला तेवढा परत आला. कुठेही तोडा, सगळा पट्टा त्याच क्षणी थांबतो. विजेचेही तसेच आहे. डीपीमधून, म्हणजे रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरमधून, फेजने करंट निघतो, पंख्यातून, गीझरमधून काम करतो आणि न्यूट्रलने डीपीत परत जातो. बटण म्हणजे पट्टा तोडायची जागा. (ते नेहमी फेजच्या वायरीवर हवे. न्यूट्रलवर बसवले तर दिवा बंद होतो, पण होल्डर जिवंतच राहतो.)

आता एक गोष्ट लक्षात घ्या. वीज जमिनीत जिरत नाही. पावसाचे पाणी जिरते तशी ती जिरते, हा समज मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलाय. डीपीचा न्यूट्रल तिथेच जमिनीत पुरलेला असतो. त्यामुळे फेजला हात लागलेल्या माणसाच्या पायातून निघालेला करंट जमिनीतून वाट काढत त्याच डीपीकडे परत जातो. पट्टा पूर्ण होतो, फक्त त्यात एक माणूस गुंफला जातो. हिरवी वायर कशासाठी, तर पत्र्यावर फेज उतरलाच तर परत जायला माणसापेक्षा सोपी वाट आधीच तयार असावी म्हणून. माझ्या लेकीच्या इमारतीत ती वाट चार बोटांवर संपली होती.

मग मुंग्या का येत होत्या? नव्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असते, त्याच्या फिल्टरला बारीक कॅपॅसिटर असतात, त्यांतून थोडा करंट पत्र्याकडे येतोच. तो हिरव्या वायरीने निघून जायचा असतो. वाट नसली की पत्र्यावरच बसून राहतो आणि ओल्या हाताची वाट बघतो. एवढ्याने माणूस मरत नाही. म्हणजे वायरमन म्हणाला ते अर्धे खरे होते, मशीनमध्ये दोष नव्हता. पण त्या मुंग्या म्हणजे आधी आलेला निरोप होता, आणि त्याने त्यावर स्लिपरचा उपाय सांगितला.

खरा धोका आणखी मोठा होता. आठ घरांच्या हिरव्या वायरी वर एकत्र जोडलेल्या आणि खाली जमीन नाही. उद्या तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या गीझरची कॉइल फुटली, तर २३० व्होल्ट त्यांच्या हिरव्या वायरीने खाली पट्टीवर येतील आणि तिथून आठही घरांतल्या फ्रिजच्या, मशीनच्या, मिक्सरच्या पत्र्यावर चढतील. दोष एका घरात आणि शॉक दुसऱ्या घरात. ज्या घरी दुर्घटना होईल तिथली सगळी उपकरणे तपासली तरी काही सापडणार नाही.

नात हे सगळे ऐकत होती. तिला नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' हा धडा होता. विभवांतर, विद्युतधारा, रोध हे शब्द तिला पाठ. जर्मनीतल्या गेऑर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम तिला येतो, त्यावरची गणितेही येतात. मी म्हणालो, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या, हात ओले असलेल्या माणसाचा रोध हजार ओहमच्या घरात येतो. आता २३० व्होल्टला किती करंट जाईल, सांग. तिने तोंडीच केले, "२३० भागिले १०००. ०.२३ अँपिअर. म्हणजे २३० मिलिअँपिअर." मग मला विचारले, "आजोबा, हे जास्त आहे का कमी?"

हा प्रश्न पुस्तकाने तिला कधी विचारला नव्हता. मी तिला पंचगंगेच्या भाषेत सांगितले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असते. पाणी ३९ ला गेले की नदीकाठचा शेतकरी मोटर काढायला धावतो. शरीरातून जाणाऱ्या करंटचीही अशीच पातळी आहे. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या पुढे मूठ सुटेनाशी होते. तीसच्या आसपास श्वास कोंडायला लागतो. पन्नास ते शंभरचा करंट छातीतून सेकंदभर गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. भिंतीवरचा नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. एवढासा बल्ब पेटायला जेवढी वीज लागते तेवढ्यात माणसाचा श्वास कोंडतो, आणि आपल्याला मिळू शकतात २३०.

आता एमसीबीकडे या. तिच्यावर १६ लिहिलेले असते ते अँपिअर. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून २३० जात असताना तिला वाटते, कुणीतरी एक दिवा लावलाय. ती का पडेल? एमसीबी किंवा जुना किटकॅट फ्यूज हा घरातली वायर जळू नये, घराला आग लागू नये म्हणून आहे, आणि ते काम ती चोख करते. अंगातून जाणारा करंट ओळखणे हे तिचे कामच नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९९१ च्या श्रावणात आमच्या वर्कशॉपमध्ये एक अठरा वर्षांचा पोरगा ड्रिल मशीन घेऊन काम करत होता. जुने मशीन, धातूची बॉडी, टू पिनवर चाललेले. पन्हाळी पत्र्यातून गळून कोबा ओला झाला होता. तो ओरडला नाही. ओरडता येत नाही. मी पाठमोरा होतो, मला फक्त ड्रिलचा आवाज बदलल्यासारखा वाटला. वळून बघितले तर दोन्ही मुठी मशीनवर आवळलेल्या, कोपर छातीशी आलेले, मान मागे. मी पाच पावलांवरच्या मेन स्विचकडे धावलो. खटका ओढल्यावर तो खाली बसला, पडला नाही, नुसता बसला. तळहातावर दोन काळे डाग होते, त्यांचा जळक्या केसांसारखा वास मला अजून आठवतो. पोरगा वाचला. नंतर मी फ्यूज काढून बघितला. तार जशीच्या तशी, चकचकीत. तिला काही कळलेच नव्हते.

लोक म्हणतात करंट चिकटवून धरतो. वीज चिकटत नाही. आपले स्नायू विजेच्याच इशाऱ्यावर आखडतात. इटलीत गॅल्व्हानीने अठराव्या शतकाच्या शेवटी मेलेल्या बेडकाच्या पायात हे पाहिले आणि १७९१ साली छापले. हात उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा मूठ मिटणारे स्नायू ताकदवान, म्हणून मूठच आवळते, आणि आपल्या ५० सायकलच्या विजेत ती सैल पडायला उसंतच मिळत नाही. अशा माणसाला हात धरून ओढायला जाणारा दुसराही त्याच पट्ट्यात गुंफला जातो. आधी मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला ढकला.

अर्थिंगचा खड्डा असला म्हणजे भागले, असेही नाही. खड्ड्याचा रोध किती, याला महत्त्व आहे. समजा तो ५ ओहम आहे. फेज पत्र्यावर उतरला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील आणि १६ ची एमसीबी काही सेकंदांत पडेल. तोच खड्डा उन्हाळ्यात सुकून २० ओहमवर गेला तर वाहतील साडेअकरा. एमसीबी हलणार नाही, आणि पत्रा तसाच जिवंत. नदीकाठच्या काळ्या रानात ओल टिकते, पण आपल्याकडे चढाच्या बाजूला मुरूम आणि जांभा आहे, तिथे वैशाखात खड्डा ठणठणीत कोरडा होतो. पूर्वीचे मिस्त्री दर उन्हाळ्यात त्या पाईपच्या नरसाळ्यात बादलीभर पाणी ओतायचे, ते उगीच नाही. खड्ड्याचा रोध माझ्या बल्बला कळत नाही. ५ ओहम असो की २०, बल्ब सारखाच पेटतो. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो, आणि आकडा कागदावर लागतो.

म्हणून ईएलसीबी. बाजारात आता आरसीसीबी म्हणतात, आमच्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात. तिचे डोके साधे आहे. आत एक लोखंडी कडे असते, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेला तेवढा करंट परत आला तर दोघांची चुंबकीय ओढ एकमेकींना मारते आणि कडे शांत राहते. थोडा जरी करंट दुसऱ्या वाटेने, म्हणजे पत्र्यातून किंवा माणसातून जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या तिसऱ्या कॉइलमध्ये वीज तयार होते आणि खटका पडतो. घरगुती ईएलसीबी ३० मिलिअँपिअरची असते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर पडते. चाळीस वर्षे कॉइलच भरल्यामुळे असेल, पण इतके प्रामाणिक यंत्र मी दुसरे पाहिले नाही. ज्याच्या घरात नसेल त्याने दुसरा कुठलाही खर्च थांबवून ती बसवावी. तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे.

पण लेकीच्या इमारतीत एकट्या तिच्या घरी ईएलसीबी बसवून ती सुरक्षित झाली नसती, हे इथे मुद्दाम लिहितो. तिसऱ्या मजल्यावरचा फेज हिरव्या वायरीतून तिच्या मशीनवर आला असता, तर तो करंट तिच्या ईएलसीबीच्या कड्यातून गेलाच नसता. कडे शांत राहिले असते. आणि टेस्टचे बटण अर्थिंग नसतानाही व्यवस्थित खटका पाडते, त्यामुळे बटण दाबून अर्थिंग तपासले असे कुणी समजू नये. दोन्ही हवे. ईएलसीबी प्रत्येक घरात आणि खड्डा खाली जमिनीत.

थ्री पिनची मोठी पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कानस मारून किंवा करवतीने कापणारे लोक मी पाहिलेत. ती लांब ठेवली आहे ती पिन घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून, आणि जाड ठेवली आहे ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये म्हणून. ही एवढी गोष्ट नातीला माहीत नव्हती. एकसर आणि समांतर जोडणीची गणिते तिने शंभर सोडवली असतील, पण घरातले सगळे दिवे समांतर आहेत आणि गणपतीची जुनी माळ एकसर होती, सहा व्होल्टचे अडतीस-एक बल्ब एकामागे एक लावले की २३० होतात, म्हणून एक गेला की सगळी माळ विझायची, हे तिला मी त्या दिवशी मीटर रूममध्ये सांगितले. तिचे डोळे कसे चमकले ते लिहून सांगता येणार नाही. शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. हा धडा शिकवताना एक तास मुलांना शाळेच्याच मीटर पेटीपाशी न्या. लांबूनच दाखवा, पण हिरवी वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते दाखवा.

आणि मागणी अशी आहे. फ्लॅटची किल्ली देताना पाण्याची जोडणी, पार्किंग, सगळ्याचे कागद मिळतात. त्यातच अर्थिंगचा रोध किती ओहम, कुठल्या तारखेला, कुणी मोजला, असा एक कागद परवानाधारकाच्या सहीने मिळालाच पाहिजे. सोसायट्यांनी दर मे महिन्यात, खड्डा सगळ्यात कोरडा असताना, तो पुन्हा मोजून जिन्यात लावावा. लिफ्टच्या देखभालीचा कागद लावतो ना, त्याच्याच शेजारी.

लेकीच्या सोसायटीने वर्गणी काढून खड्डा घेतला. अडीच मीटरचा पाईप, कोळसा, मीठ, वर नरसाळे. परवा टेस्टरने ३.४ ओहम दाखवले. ते भर उन्हाळ्यात आले म्हणून मला समाधान आहे. आठही घरांत ईएलसीबी बसली. लेकीने ओल्या हाताने मशीनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, काही नाही म्हणून. ठेवताना मात्र तिने नातीला दोन पावले मागे उभे केले होते.

त्याच लोकांनी बांधलेली तशीच इमारत त्याच रस्त्यावर पुढे आहे. तिथेही आठ घरे, तशीच लोखंडी पट्टी फरशीत शिरलेली जाळीच्या दारातून दिसते. मी दोनदा जाऊन आलो. मीटर रूमला कुलूप आहे, किल्ली कुणाकडे आहे ते कुणी सांगत नाही. तिसऱ्यांदा येत्या रविवारी जाणार आहे.

आपला,
एक मोटर वायंडर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर